नुसत्या उन्हावर विमान उडवायचं, तर कोकणात अडचण उन्हाची नाही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चार विद्यार्थ्यांनी विचारलं आहे: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी फक्त सौरऊर्जेवर उडणारं मानवरहित विमान बनवायचं आहे. कोकणात ऊन भरपूर, तेव्हा ते चोवीस तास हवेत ठेवता येईल का? जमलं तर हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने नेता येईल का? मे महिना निवडावा का? आणि ऊन फुकट मिळत असताना प्रवासी विमानं त्यावर का उडत नाहीत?

बॅटरीवर आणि उन्हावर चालणारी मानवरहित विमानं बनवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे आणि चाचण्या बहुतेक रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवरच, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माळांवर करतो. म्हणून सविस्तर लिहितो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीची उत्तरं त्याच हिशेबातून निघतात.

स्वच्छ आकाश आणि डोक्यावर सूर्य असताना जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊन पडतं. चांगला सिलिकॉन सेल त्यातल्या २२-२३ टक्क्यांची वीज करतो. सेस्ना १७२ हे चार आसनी प्रशिक्षण विमान घ्या. त्याच्या पंखाचं क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर आहे. सगळा पंख सेलनी मढवला तरी भर दुपारी साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज मिळेल. इंजिन आहे १६० अश्वशक्तीचं, म्हणजे जवळपास १२० किलोवॉटचं. एअरबस ए-३२० चा पंख १२२ चौरस मीटरचा. त्यावर २७ किलोवॉट मिळतील, एखाद्या लहान इलेक्ट्रिक मोटारीच्या मोटरपेक्षाही कमी, आणि या विमानाला सरळ उडत राहायला काही मेगावॉट लागतात. उद्या शंभर टक्के कार्यक्षमतेचे सेल कुणी शोधून काढले तरी ही दरी भरत नाही. त्यामुळे चालू विमानावर सेल चिकटवून काही साधत नाही. उन्हासाठी विमानच वेगळं बांधावं लागतं.

वेगळं म्हणजे कसं? हवेत सरळ उडत राहायला लागणारी शक्ती म्हणजे विमानाचं वजन गुणिले वेग, भागिले उचल (विमानाला वर धरणारा हवेचा जोर) आणि ओढ (मागे खेचणारा हवेचा विरोध) यांचं गुणोत्तर. पंख तोच ठेवून वजन वाढवलं की तरंगत राहायला वेगही वाढवावा लागतो. दोन्ही एकदम वाढतात, म्हणून शक्तीची गरज वजनाच्या दीड घाताने चढते: वजन दुप्पट केलं तर शक्ती २.८ पट. उलट बाजूने पाहिलं तर वजन कमी आणि पंख मोठा ठेवला की गरज झपाट्याने उतरते. पूर्ण भारलेल्या सेस्नाच्या पंखावर दर चौरस मीटरला ६८ किलोच्या आसपास भार येतो. बर्त्रां पिकार आणि आंद्रे बोर्शबर्ग यांच्या सोलर इम्पल्स २ या सौर विमानावर तो फक्त साडेआठ किलो होता. पंखाचा विस्तार ७२ मीटर, वजन २३०० किलो, अंगावर १७,२४८ सेल आणि आत एकच माणूस.

हेच विमान मार्च २०१५ मध्ये मस्कतहून अरबी समुद्र ओलांडून अहमदाबादला उतरलं होतं. दीड हजार किलोमीटरच्या त्या टप्प्याला पंधरा तासांहून जास्त वेळ लागला. म्हणजे ताशी शंभर किलोमीटर, आपल्या महामार्गावरच्या गाडीचा वेग. हा संथपणा डिझाइनमधला दोष नव्हे. उन्हावर उडायचं म्हणजे हळूच उडायचं. तुमच्या सगळ्या अडचणी याच संथपणातून येणार आहेत.

दिवसा उडणं आता अवघड राहिलेलं नाही. रॉबर्ट बाउचर यांचं सनराइज हे मानवरहित विमान ४ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियात उन्हावर उडालं. ७ जुलै १९८१ रोजी पॉल मॅक्रेडी यांच्या सोलर चॅलेंजरने वैमानिकासह इंग्लिश खाडी पार केली, तेही बॅटरीशिवाय. तेव्हाचे सेल आजच्यापेक्षा बरेच कमी कार्यक्षम होते. बंगळुरूच्या नॅल या विमानविद्येतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनेही २०२४ च्या सुरुवातीला कर्नाटकात चल्लकेरे इथे आपल्या सौर विमानाच्या छोट्या आवृत्तीची उड्डाणं केली आहेत. खरी परीक्षा रात्रीची असते. ती तुमच्या आकाराच्या विमानावर आकडे मांडून पाहू.

पंखाचा विस्तार ३.६ मीटर, रुंदी २८ सेंटीमीटर, क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर आणि एकूण वजन दोन किलो धरा. हे विमान सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने सरळ उडेल. प्रोपेलर, मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) मिळून निम्मी वीज हवेत पोचवतात. ते धरून, हवेच्या धक्क्यांसाठी थोडी सूट ठेवून, उडायला २० वॉट आणि ऑटोपायलट, रेडिओ, सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) यांना ५ वॉट, असे २५ वॉट लागतील. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाचं स्काय-सेलर अडीच किलोचं होतं आणि सरळ उडायला १४ वॉट घ्यायचं. ते बारकाईने घासूनपुसून केलेलं काम होतं. पहिल्या विमानाला तुम्ही २५ च धरा.

आता जमेची बाजू. सव्वाशे मिलिमीटर बाजूचे, ३.४ वॉटचे ४४ सेल पंखावर बसतील. कागदावर १५० वॉट. फेब्रुवारीच्या मध्यावर रत्नागिरीत भरदुपारीही सूर्य माथ्यापासून ३० अंश दक्षिणेला असतो. सेल तापतात, वरचा थर थोडा प्रकाश खातो, पंख वाकडा असतो. हे सगळं वजा करून दुपारी १०० वॉट हातात पडतील आणि दिवसभरात सहाशे वॉट-तासांच्या आसपास. चोवीस तासांची गरज २५ गुणिले २४, म्हणजे तीही सहाशे. कागदावर जमाखर्च जुळला!

पण वीज दुपारी मिळते आणि हवी असते रात्रीही. संध्याकाळी सव्वापाच ते सकाळी सव्वाआठ या वेळात सेल २५ वॉटही देत नाहीत. पंधरा तासांचे ३७५ वॉट-तास साठवायला आजच्या चांगल्या लिथियम सेलचे दीड किलो लागतात. ते चढवले की दोन किलोचं विमान साडेतीन किलोचं झालं. वजन पावणेदोन पट, म्हणून उडायची शक्ती २.३ पट: २० वॉटचे ४६ झाले, वरचे ५ धरून ५१. आता रात्रीला ७६५ वॉट-तास हवेत, म्हणजे तीन किलो बॅटरी. ती चढवली की पुन्हा गरज वाढते. उसनं फेडायला नवं उसनं काढत जावं तसा हा फेरा आहे. ईटीएचच्याच अटलांटिकसोलर विमानाने २०१५ मध्ये सलग ८१.५ तास उडून तो तोडला. ५.६ मीटरचा पंख, वजन ६.९ किलो आणि त्यात २.९ किलो नुसती बॅटरी. विमानाचा सांगाडा इतका हलका केला की वजनाचा चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा बॅटरीला देता आला. प्रत्येक ग्रॅमवर असा महिनोन्महिने झगडा करणं हेच चोवीस तासांच्या उड्डाणाचं खरं काम आहे.

इथे कोकणाबद्दलची एक गोष्ट येते, जी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अटलांटिकसोलर स्वित्झर्लंडमध्ये जुलैत उडालं. तिथे तेव्हा रात्र साडेआठ तासांची असते. आपण १७ अक्षांशावर आहोत. आपला सर्वात मोठा दिवसही तेरा तासांपेक्षा थोडाच मोठा, म्हणजे सर्वात लहान रात्रही जवळपास अकरा तासांची. आणि ती येते जूनमध्ये, आकाश ढगांनी भरलेलं असताना. ऊन आपल्याकडे जास्त आहे हे खरंच, पण रात्रभर उडण्यासाठी उन्हाच्या प्रखरतेपेक्षा रात्रीची लांबी जास्त महत्त्वाची, आणि त्या बाबतीत युरोपातला उन्हाळा आपल्याहून सोयीचा आहे.

दिवसा उंच चढून ठेवायचं आणि रात्री हळूहळू घसरत उतरायचं, हा उपायही तुम्ही वाचला असेल. सोलर इम्पल्स दिवसा साडेआठ हजार मीटरवर जाऊन रात्री दीड हजारांपर्यंत उतरायचं. सात हजार मीटरच्या त्या फरकात ४४ किलोवॉट-तास होतात, म्हणजे त्याच्या बॅटरीतल्या विजेच्या पाव हिश्शाहून थोडे जास्त. तुमचं दोन किलोचं विमान एक किलोमीटर वर नेलं तर जमेस पडतात साडेपाच वॉट-तासही नाहीत. आणि ड्रोन नियमांत तुम्हाला परवानगी ४०० फुटांची. हा मार्ग तुमच्यासाठी सोडूनच द्या.

माझा सल्ला स्पष्ट आहे: चोवीस तासांचा हट्ट धरू नका. सूर्योदयानंतर उडवून सूर्यास्ताआधी उतरवायचं, आणि मधल्या वेळात जमिनीवरून एक वॉटही घ्यायचा नाही. शेवटच्या वर्षासाठी हे पुरेसं कठीण आणि पूर्ण मोलाचं उद्दिष्ट आहे. कारण एकदा रात्र बाजूला काढली की समोर वारा उभा राहतो.

आपल्याकडचा वारा तुम्ही लहानपणापासून अंगावर घेतला आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई असतो. दहा-साडेदहाला तो पडतो, थोडा वेळ हवा थांबते आणि मग समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. दुपारी दोन ते चार तो भरात असतो आणि सेकंदाला पाच ते सात मीटर सहज भरतो. तुमच्या विमानाचा वेग आहे साडेसहा. म्हणजे वाऱ्याकडे तोंड केलेलं विमान जागच्या जागी लटकेल, झोत आला तर मागे सरकेल आणि मागे आमराई नाहीतर विजेच्या तारा असतील. जमीन तापते म्हणून खारा वारा उठतो. ज्या उन्हावर तुमचं विमान उडायचं आहे तेच ऊन वारा वाढवतं, आणि दोघांचा भर साधारण एकाच वेळी येतो. कोकण किनाऱ्यावर सौर विमान उडवण्यातली मुख्य अडचण ही आहे.

सुटका त्याच हिशेबात आहे. दुपारी १०० वॉट मिळतात आणि लागतात २५. उरलेले वाऱ्यावर खर्च करा. वेग सेकंदाला नऊ मीटर केला तर गरज साठ वॉटच्या आत राहते, म्हणजे दुपारी नऊ मीटरने उडणं परवडतं. अडचण उतरत्या दुपारची आहे. साडेचारच्या सुमारास सेलची वीज साठ वॉटच्या खाली येते, पाचला चाळीसच्या आसपास असते, आणि खारा वारा मात्र तेवढ्यात आवरत नाही. दिवसाचा सगळ्यात धोक्याचा तास हा. सकाळपासून जपलेली छोटी बॅटरी तेव्हा वापरायची. २१७०० आकाराचे चार लिथियम सेल घ्या: वजन २८० ग्रॅम, साठा ७० वॉट-तास. दुपारी तीनला ही बॅटरी पूर्ण भरलेली नसेल तर त्या दिवशी विमान चारलाच उतरवा.

वाऱ्याला मी इतकं महत्त्व का देतो, तर या जातीच्या विमानांचा इतिहास तसा आहे. नासाचं हेलिऑस, ७५ मीटर पंखाचं, २००१ मध्ये २९,५२४ मीटर उंचीवर गेलं होतं. तेच २६ जून २००३ रोजी हवाईतल्या कवाई बेटाजवळ अस्थिर हवेत शिरलं. पंख प्रमाणाबाहेर वर वाकला, विमान हेलकावे खाऊ लागलं आणि तुटून समुद्रात पडलं. झेफायर हे पंचवीस मीटर पंखाचं पण जेमतेम ७५ किलोचं विमान २०२२ मध्ये ६४ दिवस हवेत राहिलं. वीस किलोमीटर उंचीवर हवा शांत असते म्हणून ते शक्य झालं. पण त्याच जातीचं एक विमान २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात वर चढतानाच खालच्या खवळलेल्या हवेत सापडून पडलं. सोलर इम्पल्सच्या चमूनेही योग्य हवामानाची वाट पाहत नानजिंगमध्ये कितीतरी दिवस काढले. वजन उतरवण्यासाठी पंख नाजूक करावा लागतो आणि नाजूक पंखाला धक्का सोसत नाही. तुमचा ३.६ मीटरचा पंख तुलनेने आखूड आणि टणक आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट.

आता महिना. मे नको. सूर्य रत्नागिरीच्या बरोबर डोक्यावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो हे खरं, पण खारा वारा तेव्हा जोरात असतो, हवेत बाष्प आणि धुरकटपणा असतो, दुपारनंतर घाटावर ढग चढतात आणि कधीही मळभ येतं. सेल पंचवीस अंशांच्या वर जितका तापेल तितकी वीज घटते, दर अंशाला टक्क्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. सूर्य पुन्हा डोक्यावर येतो ऑगस्टच्या सुरुवातीला. तेव्हाच्या आकाशाबद्दल कोकणातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. फेब्रुवारीत ऊन तिरपं असूनही आकाश कोरडं, सकाळ थंड आणि वारा आवाक्यातला असतो. मी फेब्रुवारी निवडेन. वेळापत्रक आखताना लक्षात ठेवा, आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे फेब्रुवारीत मध्यान्ह घड्याळात बाराला नव्हे, एकला दहाएक मिनिटं असताना होते.

जागा सड्याची निवडा, पण कड्याच्या टोकावर उभे राहू नका. समुद्राकडून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो. त्या उचलीवर घारी तासन्‌तास पंख न हलवता तरंगतात आणि तुमचं विमानही त्यात काही वॉट वाचवेल. पण कड्याच्या माथ्यामागे लगेच हवेचे भोवरे असतात आणि उतरायला आलेलं हलकं विमान तिथेच आपटतं. कड्यापासून तीन-चारशे मीटर आत, वाळलेलं गवत असलेली सपाट जागा शोधा. उघड्या जांभ्यावर उतरवलं तर पोट फाटलंच म्हणून समजा. जानेवारीनंतर कातळ तापला की त्यावरून गरम हवेचे स्तंभ उठतात. गोल फिरणारी घार दिसली की विमान तिकडे न्या आणि मोटर मंद करा. अॅलन कोकोनी यांचं सोलाँग हे विमान २००५ मध्ये ४८ तास उडालं, तेव्हा त्यांच्या चमूनेही अशी उचल हुडकून वापरली होती.

बांधणीबद्दल थोडक्यात, पण यात हयगय नको. वजनाची वाटणी अशी जमते: सेल आणि त्यांचं आवरण ४००, बॅटरी २८०, पंखाचा सांगाडा ७००, धड आणि शेपूट ३००, मोटर-प्रोपेलर-ईएससी १५०, इलेक्ट्रॉनिक्स १२०. बेरीज १९५० ग्रॅम. पंखाला कार्बन नळीचा स्पार (पंखाचा लांबीभरचा मुख्य दांडा) आणि बाल्साच्या फासळ्या. सेल डाव्या-उजव्या पंखावर बावीस-बावीस, प्रत्येक पंखाची साखळी वेगळी आणि तिचा एमपीपीटी (सेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारं सर्किट) ही वेगळा. विमान वळताना एक पंख उन्हाकडे झुकतो, दुसरा पाठ फिरवतो. दोन्ही एका साखळीत असतील तर मंद बाजू चांगल्या बाजूलाही खाली ओढते. सकाळच्या तिरप्या उन्हात हा फरक फार मोठा असतो. सेल कागदासारखे तडकतात. डाग देताना दाबू नका, जोडपट्टीला छोटी लाट ठेवा म्हणजे पंख वाकला तरी ती ओढली जाणार नाही. पंखाच्या पुढच्या कडेपासून सेल सुरू होईपर्यंतचा भाग अगदी गुळगुळीत हवा. तिथली अर्ध्या मिलिमीटरची पायरीसुद्धा ओढ वाढवते. उडवण्याआधी पंख पांढऱ्या कापडाने झाका. कातळावर उन्हात पडलेला सेल फार तापतो; हवेत गेला की वाऱ्याने थंड होतो. शिवाय उन्हातली साखळी बंद करता येत नाही, म्हणून मोटरची तार सर्वात शेवटी जोडा. संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पंख पुसा. खाऱ्या हवेचा थर दोन दिवसांत वीज कमी करतो आणि जोडांना हिरवा गंज धरतो.

हर्णै ते वेंगुर्ला हे अंतर सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर. तुमच्या वेगाने वारा नसताना साडेनऊ तास, आणि दुपारचा वारा वायव्येकडून असल्याने उत्तरेकडून दक्षिणेला जाताना थोडी मदतच. म्हणजे उन्हाच्या हिशेबाने एका दिवसात हे बसतं, आणि त्या आकड्याने मलाही भुरळ पडते. पण नजरेच्या टप्प्यापलीकडे ड्रोन नेणं २०२१ च्या ड्रोन नियमांत विशेष परवानगीशिवाय चालत नाही, आणि वाटेत रत्नागिरी आणि चिपी हे दोन विमानतळ आहेत. तेव्हा तेवढंच अंतर एकाच सड्यावर, डोळ्यांसमोर, घिरट्या घालत पूर्ण करा. वजन दोन किलोच्या आत ठेवायला सांगितलं तेही याचसाठी: तिथपर्यंत विमान मायक्रो गटात राहतं आणि बिगरव्यावसायिक उड्डाणाला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर ती हिरव्या, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या भागात आहे ना, हे पाहा. विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा २०० फुटांवर येते.

डिसेंबरमध्ये सेलशिवाय, नुसत्या बॅटरीवर उडवून सरळ उड्डाणाला खरोखर किती वॉट लागतात ते मोजा, सकाळच्या थांबलेल्या हवेत आणि दोन्ही दिशांना. आकडा तीसच्या आत आला तरच पंखावर सेल लावायला घ्या. जास्त आला तर आधी वजन आणि प्रोपेलर तपासा. जानेवारीत निवडलेल्या सड्यावर खांबाला वारा मोजायचं यंत्र लावून पंधरा दिवस दर दहा मिनिटांची नोंद घ्या, आणि दुपारी चार ते साडेपाचच्या नोंदी वेगळ्या काढून ठेवा. उड्डाणाचा दिवस त्या नोंदींवरून ठरवा.